गालाच्या आत

डॉक्टर मिलारायनं कागदावर मांजरीची तीन तोंडं काढून दिली.
पहिलीचे कान उभे.
दुसरीचे जरा बाहेरच्या अंगाला वळलेले.
तिसरीचे डोळे बारीक, मिशा ताठ,
मान खांद्यांच्याही खाली.
"ही तिसरी दिसली तर रात्री दोनलासुद्धा फोन करा."
मी म्हटलं, दुखलं तर ओरडेलच की.
"नाही ओरडायची. बघावं लागतं."

बाहेर नोव्हेंबरातला पुन्ता अरेनासचा वारा.
माणसं उडू नयेत म्हणून नगरपालिकेनं चौकात दोर बांधलेत.
एका हातात दोर, दुसऱ्या हाताखाली
खेकड्याच्या डब्यांचं रिकामं खोकं, भोकं पाडलेलं,
आणि खोक्यात तुएर्का,
भुलीनं अर्धवट, जिभेचं टोक बाहेरच विसरलेली.
पिशवी काढली होती तिची.

घरी आल्यावर खुर्च्या खिडकीपासून ओढून ठेवल्या.
उडी नको, दहा दिवस.
शेगडीजवळ मासळीचा क्रेट, त्यात नोल्बेर्तोचा जुना स्वेटर.
ती त्यात बसली, पण पोट टेकवेना.
थोड्या वेळानं घुरघुरायला लागली.

शेजारचा रोसामेल डोकावला.
"बघा, खूश आहे."
मी कागद बघितला. कान बघितले.
घुरघुर काय, दुखतानाही करतात.
त्यानं खिशातून अर्धी पॅरासिटामॉल काढली,
कागदात गुंडाळून आणलेली बिचाऱ्यानं.
विष आहे रे तिला ते. अर्धीसुद्धा.
त्याचा चेहरा इतका उतरला
की गोळी मीच घेतली, गुडघ्यासाठी.

औषध आठ तासांनी. बिनसुईची सिरिंज, एवढंसं पाणी.
ओठाच्या कडेनं बोट घालायचं,
थेंब गालाच्या आत सोडायचा.
गिळण्याची गरज नाही, तिथूनच मुरतं.

गालाच्या आत.

माझी पिशवी काढली तेव्हा मी एकतीस वर्षांची.
आठ बायकांचा वॉर्ड, एकच हीटर,
आणि सिस्टर इल्डा:
"तूच पहिली का जगात? गप पड."
मी गाल आतून दातात धरला
आणि तीन दिवस सोडला नाही.
चौथ्या दिवशी नोल्बेर्तो बोटीवरून थेट आला,
हातात सफरचंदं, अंगाला डिझेलचा वास.
"कशी आहेस?"
"बरी आहे."
तो हसला. सफरचंद मात्र मला चावता येईना,
ते त्यानंच खाल्लं.
कुणाकडे कागद नव्हता.
जीभ फिरवली तर गाठ अजून लागते,
वाटाण्याएवढी.

रात्री एकला तिचे कान वळलेले,
डोळे किलकिले.
दुसरं तोंड की तिसरं? मधलंच कुठलं तरी.
फोन करावा की नको, म्हणत मी पाऊण तास बसले.
माणसासाठी कधी केला नव्हता इतक्या रात्री.
मग केला.
डॉक्टरनं विचारलं, खाल्लं का, शू केली का,
टाक्यापाशी सूज, ओल?
मी सगळं सांगितलं. मला सगळं माहीत होतं.
"पुढचा थेंब आत्ताच द्या. उद्या घेऊन या."
फोन ठेवताना म्हणाली, "बरं केलंत."

दिला. अर्धा तास गेला. आणखी थोडा.
आधी डावा कान सरळ झाला.
उजव्यानं फार वेळ घेतला.
मग तिनं पोट स्वेटरला टेकवलं
आणि पुढचा पाय चाटायला घेतला,
एकदाच, चव बघितल्यासारखा.

नोल्बेर्तो उठून दारात आला, पायात एकच मोजा.
"कशी आहे?"
"दुखत होतं तिला," मी म्हणाले.
जरा मोठ्यानंच निघालं.

त्यानं शेगडीत लाकूड सारलं.
चष्मा शोधला,
आणि तो कागद घेऊन टेबलाशी बसला,
तिन्ही तोंडांवर बोट ठेवत,
पुन्हा पहिल्यापासून.