खोली नंबर चौदा

विद्वत परिषदेत ठराव तिसऱ्यांदा आला
आणि तिसऱ्यांदा चहाबरोबर गार झाला.
कुणी म्हणालं, हौद्यात न उतरता पैलवान होतो का कधी?
कुणी म्हणालं, आधी खोली चौदाचा पंखा दुरुस्त करा.
कुलसचिवांनी लिहून घेतलं : पंखा.

मी कोपऱ्यात, वायरींचं भेंडोळं मांडीवर घेऊन.
तासिका तत्त्वावरच्या माणसाला
परिषदेत मत नसतं, प्लग असतो.

शेवटी वरून पत्र आलं, तेव्हा झालं.
पहिलंच नाव पडलं कारदगे सरांचं :
मोडी लिपी, सोमवार, रात्री आठ.
"काचेला शिकवायचं व्हय मी?" म्हणाले.
पण आले. कडक इस्त्री, खिशात खडू,
आणि कॅमेऱ्याला पाठ करून
फळ्याशी बोलत राहिले सतरा मिनिटं.
मी टोकलं नाही.
पाठही बरी शिकवत होती.

पडद्यावर अकरा काळे चौकोन, अकरा नावं.
"जागी आहेत का झोपलीत, कळायचं कसं?"
वर्गात कसं कळतं सर,
हे ओठावर आलं होतं. गिळलं.

तेवढ्यात कुणाचा तरी माइक चुकून उघडला
आणि खोलीत शिरला
खटाखट खटाखट
इचलकरंजीचा माग.

सर वळले. पहिल्यांदाच काचेकडे.
"कोण हे?"
"शबाना मोमीन, सर. रात्रपाळी आहे. बंद करते."
"माग?"
"माइक, सर."
"असू दे. धागा तुटला तर काय करतेस गं?"
"गाठ मारते. पण कापडावर दिसली तर पैसे कापतात."
सर हसले नाहीत. खडू उचलला.
"मोडीचं तेच. शाई संपली, टाक बुडवला,
तरी रेघ पुन्हा तिथनंच धरायची.
सांधा दिसता कामा नये."

आठ चाळीसला नेट गेलं.
त्या अकरा घरांत सरांचा हात
अर्ध्या अक्षरावर थिजला असेल.
इथे मात्र ते लिहितच होते.
जोडेपर्यंत माझी बोटं घामेजली.
सात जण परतले. गगनबावड्याचा एक पोरगा
सव्वानऊला आला, धापा टाकत;
टाकीवर चढलो होतो म्हणाला.

पुढच्या बैठकीत सर पुन्हा विरोधातच बोलले.
तालीम, हौदा, लाल माती, सगळं काढलं.
जिन्यात मात्र मला गाठून म्हणाले,
"तो चौदाचा पंखा दुरुस्त केलाय, पण कुरकुरतो रे.
सोमवारी बंद ठेव.
माग नीट ऐकू येत नाही."