थेंबातली दक्षिण

पामच्या लोणच्याची रिकामी बरणी,
तळाशी चार बोटं काळा चिखल, वर खाजणाचं पाणी.
पाच आठवडे पलंगाखाली अंधारात ठेवली होती मी.
शेजारची झुलैका विचारायची,
काय मुरत घातलंयस गं, जासिरा?

आज त्यातला एक थेंब काचेवर उलटा टांगला
आणि बाबांना हाक मारली.

बाबांचे डोळे मिठानं नेले.
चाळीस वर्षं अरारुआमाच्या पांढऱ्या वाफ्यांत
खालून उसळणारं ऊन तोंडावर घेत फावडं ओढलं;
आता दिव्याकडे पाहिलं तर
दिवा आहे, एवढंच कळतं.
तरी टोपी काढून ते भिंगावर वाकले
आणि म्हणाले, "उजेड आहे. पुढचं तू सांग."

गोल आहेत, बाबा.
मिठाच्या खड्याच्या एका कडेवर
हजार जण ओळीनं बसतील.

"घर?"
भिंत आहे. साखरेचे धागे, त्यांना प्रथिनांचे आडवे टाके,
कोळंबीच्या जाळ्यासारखी, पण चारी बाजूंनी शिवलेली.
बाहेरचं पाणी सारखं आत घुसायला बघतं.
जाळी नसती तर टरकन फुटले असते.
"बांध," बाबा म्हणाले. "कच्चा असला
की एका रात्रीत वाफा जातो."
बांधाच्या आत तेलाच्या तवंगासारखा दुपदरी पापुद्रा,
बाहेरून आणखी एक.
कुणाला आत घ्यायचं ते हे पापुद्रे ठरवतात.

"आणि मालकाची खोली?"
नाही.
आपल्या पेशींत असते, दार लावून घेतलेली. इथे नाही.
एक लांबच लांब दोरा, टोकाला टोक जोडलेला,
उघड्यावर गुंता होऊन पडलाय,
तुमच्या गळाच्या दोऱ्यासारखा,
ज्याला मी हात लावला की तुम्ही ओरडता.
भोवती रायबोसोमांची दाटी:
हुकूम पुरता लिहून होण्याआधीच कामाला लागलेली.

बाबा खूप वेळ हसले.
"अशी माणसं मिळाली असती,
तर मिठागर बुडालं नसतं."

शेपट्याही आहेत, बाबा, एकाच अंगाला दोन जुडगे.
मुळाशी चक्र, गरगर फिरणारं.
"पवनचक्की! आणि वारा कुठला?"
मी जरा अडखळले.
पापुद्र्याच्या आत नि बाहेर जो फरक असतो ना,
त्याचाच वारा.

मग पोटातली ओळ सांगितली:
लोखंडाचे काळे स्फटिक, एकामागे एक,
प्रत्येकाला आपापली पिशवी, सगळ्यांची मिळून एक सुई.
पेशी दुभंगते तेव्हा सुईही मधोमध मोडते,
अर्धी याला, अर्धी त्याला. आई मागे उरतच नाही.

बाबा गप्प झाले.
अँसेल्मोकाकाशी वाफ्यांची वाटणी
बारा वर्षं कोर्टात होती.
आता ते वाफे कुणाचेच नाहीत,
तिथे सुट्टीवाल्यांचे बंगले आहेत.

"मोडताना आवाज होतो?"
माहीत नाही, म्हणाले.

जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून काढलेला लोहचुंबक
मी त्यांच्या हातात दिला, मनगट धरून थेंबाशी नेलं.
सगळे धावले, बाबा! एकाच काठाला!
त्यांनी चुंबक उलटा केला.
आता वळले. पलीकडे निघाले.
पुन्हा उलटा. पुन्हा वळले.
सत्तरीचा माणूस, दिसत काही नव्हतं,
आणि एवढी मोठी जत्रा बोटांवर फिरवत होता.
मी नुसती ओरडत राहिले, इकडे, आता तिकडे.
शेजारच्या भिंतीवर झुलैकानं दोनदा ठोकलं.

"आणि चुंबक नसला, तर कुठे जातात?"

दक्षिणेला. इथे दक्षिण म्हणजे खालीसुद्धा.
वरचं मोकळं पाणी त्यांना सोसत नाही,
त्यांना चिखल हवा, जिथे हवा संपत येते.
उत्तरेकडच्या तळ्यांतले बहुतेक उत्तर धरतात,
तेही खालीच पोचतात.

बाबांनी चुंबक सदऱ्याच्या खिशात टाकला,
वरून बटण लावलं.
मग बरणी चाचपत उचलली, काठीही न घेता
पायऱ्या उतरून खाजणाकडे निघाले.
मी मागून म्हणाले, उजवीकडे, बाबा, उजवीकडे.
"ठाऊक आहे," म्हणाले.