एक पाव कमी

नोल्बेर्तोचं पीठ फुगायला दीड तास लागतो.
तेवढ्यात तो बेकरीच्या छपरावर चढतो.
दुर्बिणीचा आरसा त्याने स्वतः घासलेला;
कडेला एक ओरखडा, तो राहिलाच.

एल्कीच्या खोऱ्यावर मध्यरात्रीनंतर
आभाळ इतकं दाट
की ओळखीचे तारेसुद्धा हुडकावे लागतात.

नवव्या ग्रहाचं म्हणतात ते असं:
पार लांबचे काही बर्फाळ गोळे
एकाच अंगाला कलतात,
म्हणजे कुणीतरी ओढत असणार.
असेल. नसेलही.
या आरशाला तो जन्मात दिसायचा नाही,
हे त्याला ठाऊक.
तरी शनीची कडी बघून झाली की
नळी काळोखाकडे वळवतो,
उगीच.

खाली इस्मेनिया पहिल्या घाण्याचे पाव मोजते:
पुन्हा एक कमी.
वर्ष झालं, कोण नेतं कुणी पाहिलं नाही.

आताशा तो एक जास्तच भाजतो.