चिमूट

चोवीस वर्षं झाली, मी दुसऱ्यांसाठी आम्ल मोजतोय.
शुक्रवार पेठेतलं ज्युनिअर कॉलेज, वरचा मजला,
ओट्याला जळके डाग, एका नळाला कायमची चिंधी,
आणि मी, कृष्णात पोवार, लॅब असिस्टंट,
पोरांचा मामा.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला पोरं माझ्याकडं बघतात
जसा ढेप घेऊन आलेला माणूस काट्याकडं बघतो.
'मामा, किती?'
ओठ न हलवता विचारायचं
अकरावीतच शिकून होतं त्यांचं.
मी फडकं खांद्यावर टाकून दोन्ही पंजे उघडतो.
दहा बोटं. दहा पॉइंट शून्य.
पिपेटमध्ये ऑक्झॅलिक, ब्युरेटमध्ये कॉस्टिक,
फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब,
फिकट गुलाबी टिकली की थांबायचं.
कुठं टिकणार, ते आधीच सांगून मोकळा.

त्या फेब्रुवारीत सकाळी साडेसहाला
द्रावण करायला बसलो.
बारा पॉइंट सहा ग्रॅम, दोन लिटरला.
नदीपलीकडं वडणग्यात गुऱ्हाळं पेटलेली,
वास यावा म्हणून खिडकी मीच उघडली.
वारा आला. कागद हलला.
चिमूटभर स्फटिक ओट्यावर.

बघितलं मी.
मग ओटा पुसला.
चिमूट ती काय!
खुणेपर्यंत पाणी, बूच, पंधरा वेळा उलटंपालटं,
वर चिठ्ठी: ०.१ एन.
अक्षर माझं चांगलं आहे.
सरांनी एकदा तपासून बघायचं असतं.
सरांनी सही केली.

वीस पोरं. अठरा जणांचं १०.०.
एक हुशार, त्यानं मधेच एकदा ९.९ लिहिलं,
खरं वाटावं म्हणून.
आणि राजमती चौगुले:
९.७
९.७
९.७
तिनं माझ्या हातांकडं बघितलंच नव्हतं.

गडहिंग्लजहून आलेले परीक्षक चष्मा पुसत म्हणाले,
'घाई झाली बाळ तुझी. रंग यायच्या आत थांबलीस.'
'नाही सर. आला होता.'
'एकोणीस जणांचं चुकलं म्हणतेस?'
ती काही म्हणाली नाही.
फ्लास्क हातात तसाच, तळाशी पांढरी टाइल,
टाइलवर गुलाबी सावली, असेल-नसेल एवढीच.

हिचा बाप गुळव्या.
एकदा सांगत होती, आप्पा काहिलीवर वाकून उभे असतात,
चुन्याची निवळी अंदाजानं,
पाक पाण्यात सोडून बोटात गोळी वळतात,
वळली की ओरडतात, उतरवा!
एक क्षण अलीकडं नाही, पलीकडं नाही.
त्या बोटांना उत्तर कुणी आधी सांगत नाही.

ट्रेमधल्या पिपेटा वाजायला लागल्या.
हात माझेच हलत होते.
'सर,' मी म्हणालो, 'चिमूट सांडलीय.'
'कसली चिमूट?'
'सकाळी. माझ्या हातनं. बरोबर आहे पोरीचं.'

एकोणीस माना वळल्या.
असं बघणं मी चोवीस वर्षांत बघितलं नव्हतं.
परीक्षकांनी बाह्या सारल्या,
स्वतः पिपेट तोंडाला लावली,
नऊच्या पुढं थेंब थेंब सोडत राहिले.
पंख्याचा तेवढा आवाज.
नऊ पॉइंट सहा, काही नाही.
नऊ पॉइंट सात.

त्यांनी पेनाला टोपण लावलं
आणि बराच वेळ काढलं नाही.
मार्कांचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
जाताना मामा म्हणून कुणी हाक मारली नाही.
राजमतीनं ब्युरेट धुतली, स्टँडला उलटी लावली,
म्हणाली, 'खिडकी लावू का?'
म्हटलं, राहू दे.

संध्याकाळी झाडायला गेलो तर
फ्लास्कमधला रंग उडालेला.
उडतोच तो, हवा लागली की.
बाटली पुढ्यात ओढली,
०.१ वर आडवी रेघ मारली,
शेजारी लिहिलं ०.०९७.
सात जरा वाकडा आला.