वीस भोकांचा बाक

म्युनिसिपल शाळा, अँटॉप हिल, सातवी ब.
पडद्यावर रोम : संगमरवरी बाक,
बाकाला ओळीनं वीस भोकं,
मध्ये भिंत नाही, दार नाही,
पायाशी पाटातून वाहतं पाणी.
मी सांगत होते, इथं माणसं शेजारी शेजारी बसत,
बाजारभाव बोलत,
एकमेकांना जेवायला बोलावत.

वर्ग फुटला हसून.
मागच्या पोरांनी मांडीला मांडी लावून
तसं बसूनही दाखवलं.

जुलेखा तेवढी हसली नाही.
"बाई, बायका कुठं बसायच्या?"
मला ठाऊक नव्हतं.
बघून सांगते, म्हटलं.

"आमच्या ट्रान्झिट कॅम्पात चार दारं आहेत.
एकाचीही कडी लागत नाही.
मी आत असले की करुणा बाहेरून दोरी धरते,
ती गेली की मी.
पावलं वाजली की खोकायचं,
आतलीनं उलट खोकायचं,
खोकला नसला तरी."

आता कुणीच हसेना.
करुणा पाखरे कानापर्यंत लाल,
वहीत एकच शब्द खोडत राहिली
कागद फाटेपर्यंत.
मी पडदा बंद केला.
रोम गेलं, पांढरा चौकोन तसाच उरला भिंतीवर.

मधल्या सुट्टीत शाळेच्या संडासापाशी
करुणा उभी. अबोला धरलेला,
तोंड मैदानाकडे,
पण पाठीमागं दोरी घट्ट, दोन वेढे घेऊन बोटाला.

मला तिकडंच जायचं होतं.
दहा पावलांवर थांबले
आणि खोकले.

आतून उत्तर आलं.