तीनशे एकाहत्तर

सकाळी सातला, पिठाचं भांडं उतरवून,
स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी त्याला ठेवते.
तीनशे एकाहत्तर.
काल चौऱ्याहत्तर होते.
एवढ्या वजनात सेतुबालच्या बाजारात
चार सार्डिन येतात, जरा मोठे असले तर.
वहीत आकडा लिहिते.

तुश्तांव. आपली दिडकी.
राखी अंग, लाल शेपूट,
आणि जानेवारीपासून डाव्या पायाची पकड सुटलेली.
रात्री दांडीवरून पडतो,
ओला टॉवेल पडावा तसा.
अंधारात चाचपून उचलते,
अंगठ्याखाली त्याचं काळीज
शिवणयंत्रासारखं धावत असतं, कापड नसलेलं.

लिस्बनला डॉक्टर इरिया माटोझनी
फोटो काढले, विष्ठा तपासली.
शिसं नाही, जस्त नाही, बुरशी नाही.
कॅल्शियम कमी, पण पडण्याइतकं नाही.
"कोडंच आहे," म्हणाल्या चष्मा पुसत.
रक्तातून एकच गोष्ट पक्की कळली:
तुश्तांव मादी आहे.
पन्नास वर्षं आम्ही
आला, रुसला, चावला म्हणत राहिलो.
आली. रुसली. चावली.
बाबा असते तर हसता हसता
ठसका लागला असता त्यांना.

पंचाहत्तरचा सप्टेंबर. लुआंडात
माणसं लाकडी खोक्यांत घरं ठोकून बंद करत होती.
आईनं मला थोरल्या भावाचा कोट घातला,
अकरा वर्षांची मी,
आणि बाहीत हा,
ही,
चोच मोज्यानं बांधलेली.
वाटभर एकदाही ओरडली नाही.
आम्हीही नाही.

हल्ली दिवसा बोलत नाही.
रात्री दिव्याच्या उबेला, डोळे मिटून,
एका बाईच्या आवाजात तीन शब्द म्हणते.
पोर्तुगीज नव्हेत.
शेवटचा लांबवलेला,
मागच्या दारातून कुणी हाक मारावी तसा.
"जुनी पोपटपंची," डॉक्टर म्हणाल्या,
"आजारात येते वर, अर्थ शोधू नका."

फरशी पुसणाऱ्या दोमिंगास
पोछ्याची काठी भिंतीला टेकवून थांबल्या.
पिंजऱ्यापाशी वाकल्या.
"पोराला जेवायला बोलावतेय कुणी.
चल, गार होतंय. मालांजेला माझी आई
अशीच म्हणायची.
पोर कोण?"

मी पर्स उघडून
मोजलेले पैसे पुन्हा मोजत राहिले.

चुलीपाशी एक बाई असायची आमच्या.
तिच्या टाचांच्या भेगांतली लाल माती आठवते,
मक्याच्या पिठाचा वाफाळता वास,
तिच्या पाठीवर बांधलेली मी,
मानेचा घाम.
नाव आठवत नाही.
विमानाच्या दिवशी ती कुठे होती,
तेही नाही.
आईला विचारता आलं असतं, परवापरवापर्यंत.
विचारलं नाही.

आता ते तीन शब्द मी शिकते आहे.
दोमिंगास फोनवर घोकून घेतात,
"घशातून नको, नाकातून, दोना देओलिंदा,
आणि मालकिणीसारखं नको."
सिरिंजमध्ये कोमट लापशी, वीस मिली,
फडक्यात गुंडाळलेली दिडकी मांडीवर,
आणि मी म्हणते,
शेवटचा शब्द लांबवून.
ती एक डोळा उघडते,
माझ्या उच्चाराची कीव करत असावी.
मग चोच उघडते.

आज काटा म्हणाला, तीनशे त्र्याहत्तर.
दोन ग्रॅम. लापशीच असेल, अजून न पचलेली.
डॉक्टर म्हणतील, यावर जाऊ नका.
मी जात नाही. फक्त लिहून ठेवते.

रात्री दिवा जरा जवळ ओढते
आणि जागी राहते.
जेवायला हाक मारणाऱ्या त्या बाईलाही
दिवसातून वीसदा कुणीतरी हाक मारत असेल,
आईच असेल, वरच्या खोलीतून,
नावानं.
तेही हिनं ऐकलं असेल.