ढिला बोल्ट

अशोक चौकामागच्या कारखान्यात
सात नंबर मागाच्या मोटारीवर
नरसूमामा जेवणाचं ताट ठेवून गेले,
हात धुतलेलं पाणी तसंच त्यात.

कांडी भरता भरता मी पाहिलं:
आधी नुसती शिरशिरी,
मग या काठापासून त्या काठापर्यंत चौकटी,
उभ्या, आडव्या, थरथरत जागच्या जागी.
जकार्डच्या कुठल्याच पत्त्यावर
हे डिझाइन कुणी टोचलं नव्हतं.

मालकाचा श्रीशैल कॉलेजात शिकतो.
तो म्हणाला, मोटार दोनदा हलते
तेव्हा पाणी एकदा उठतं.
पुढचं त्यानं वहीत लिहिलं.
मला एवढंच कळलं
की पाणी निम्मंच ऐकतं
आणि तेवढ्यावर अख्खी चादर काढतं,
धाग्याशिवाय.

तेवढ्यात अंबादास जॉबर आला.
"पायाचा बोल्ट ढिलाय की, कवाधरनं हादरतंय!"
पान्याचे तीन वेढे.
चौकटी कडेकडेनं विरल्या,
ताटात उरली ट्यूबलाइट
आणि मेथीचं एक पान.

माग आता गुण्यानं चालतो.
ताट मी घासून ठेवलं.
पाना कुठल्या खिळ्याला टांगतो
तेही बघून ठेवलं.